जात्यावर बसलं की ओवी सुचते: उत्स्फूर्त चित्राची आणि चारचौघांत रंगवण्याची तयारी

आमच्या अमळनेरच्या जुन्या घराचा ओटा मातीचा होता. सणाच्या आदल्या दिवशी आजी तो सारवायची. पदर खोचून उकिडवी बसायची, शेणकाल्यात पंजा बुडवायची आणि मनगट न वाकवता खांद्यातून हात फिरवायची. एक कमान उमटायची. तिच्या काठावर दुसरी, दुसरीच्या काठावर तिसरी. हात जेवढा लांब तेवढी कमान मोठी. ओळ संपली की एक पाऊल मागे. असं मागे मागे सरकत ती भिंतीपासून पायरीपर्यंत यायची. ओटा वाळला की माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसायची. ती तिनं कधी आखली नव्हती, आणि मागे वळून कधी दुरुस्तही केली नव्हती. गल्लीतून जाणारी माणसं थांबून बोलायची, ती उत्तरं द्यायची, हात चालूच असायचा.

पुढे मी चित्रकला रीतसर शिकले, शाळेत शिकवलीही. पण आधी काही न आखता, मन शांत ठेवून, लोकांच्या देखत रंगवायचं कसं, हे मला त्या ओट्यानं शिकवलं. ज्यांना असं चित्र काढायचं आहे आणि पुढे कधीतरी यात्रेत, वाचनालयाच्या आवारात किंवा चौकात लोकांसमोर उभं राहायचं आहे, त्यांच्यासाठी माझी पद्धत क्रमानं लिहिते आहे.

माझं सांगणं एका म्हणीत मावतं: जात्यावर बसलं की ओवी सुचते. बसायचं आधी. घास घालायचा, खुंटा धरायचा, जातं फिरू द्यायचं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली आणि शेतातली कामं करता करता त्यांना ओव्या सुचत गेल्या, आणि त्या इतरांनी लिहून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. नव्या मुलांना वाटतं, उत्स्फूर्त म्हणजे तयारी नको. उलट इथं सगळी तयारी आधीच करून ठेवावी लागते, कारण रंगवताना तिचा विचार करायला सवड नसते.

तीन स्वभाव डोळ्यांसमोर ठेवा

या वाटेनं गेलेल्यांचे स्वभाव फार वेगवेगळे होते. जॉर्ज मात्यू या फ्रेंच चित्रकारानं १९५६ साली पॅरिसच्या एका नाट्यगृहात चार मीटर उंच आणि बारा मीटर लांब कॅनव्हास प्रेक्षकांसमोर झपाट्यानं रंगवला. जपानच्या गुताई या प्रयोगशील कलाकारांच्या गटातला काझुओ शिरागा दोरीला धरून लोंबकळायचा आणि पायांनी रंग पसरायचा. दुसऱ्या टोकाला आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे. नागपुरात १९२४ साली जन्मलेला हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचा. रोलरनं आणि पॅलेट नाइफनं थर लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा, आणि बराच काळ नुसता बसून राहायचा. झेन या बौद्ध ध्यानपंथाच्या विचाराचा त्यांच्यावर परिणाम होता. आणि तिसऱ्या स्वभावाचे रवींद्रनाथ टागोर. हस्तलिखितातले खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता त्यांना आकार दिसू लागले. साठी उलटल्यावर ते चित्रकलेकडे वळले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं.

कोणी वेगानं गेलं, कोणी थांबून राहिलं, कोणी खाडाखोडीतून आलं. तुमचा स्वभाव कोणाच्या जवळचा, ते पहिल्या महिन्यात कळेल. मी गायतोंड्यांच्या बाजूची आहे, म्हणून माझ्या सूचनाही थोड्या संथ आहेत.

कापड, रंग आणि आपला उन्हाळा

महागडा कॅनव्हास सुरुवातीला आणूच नका. महाग कापडावर हात भितो. कापडाच्या दुकानातून मांजरपाट आणा. त्याला खळ असते, म्हणून गरम पाण्यात भिजवून, चोळून धुवा. ते आटतं, आटू द्या. ओलसर असतानाच चौकटीवर ताणा: आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर मधे झोळ येतो आणि तो नंतर निघत नाही. वाळल्यावर एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी असा हात द्या. त्यावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. मधे बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा. सरावासाठी दोन बाय तीन फूट पुरे. लोकांसमोर चार बाय सहा फूट बरं, लांबूनही दिसतं आणि एका माणसाच्या आवाक्यातही राहतं.

सरावाला भिंतीच्या पांढऱ्या इमल्शन रंगाचा डबा आणि स्टेनरच्या, म्हणजे पांढऱ्यात मिसळायच्या घट्ट रंगाच्या, छोट्या बाटल्या घ्या. स्वस्त पडतात, त्यामुळे हात मोकळा राहतो. मात्र स्टेनर भसाभस ओतू नका. जास्त झाला की थर कच्चा राहतो आणि वाळल्यावरही बोटाला रंग लागतो. रंग तीनच ठेवा आणि चौथा पांढरा. माझे गेरू, निळा आणि काळा. पंधरा रंग समोर असले की मन निवडत बसतं, आणि निवडत बसलेलं मन शांत नसतं.

काळा मी आपल्या रानातूनच घेते. कपाशीच्या वावरातली चार ढेकळं बादलीत भिजवायची. विरघळली की ढवळून मिनिटभर थांबायचं, म्हणजे रेती खाली बसते. वरचं गढूळ पाणी धोतराच्या फडक्यातून दुसऱ्या बादलीत गाळायचं. रात्रभर ठेवलं की तळाशी लोण्यासारखा गाळ जमतो. वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. बांधणीला बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक: एक भाग डिंक दोन भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला. डिंकाचा रंग पाण्यानं सुटतो, त्याऐवजी फेव्हिकॉल घातला तर जास्त टिकतो. ही माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आक्रसते. चैत्रात वावराला भेगा पडतात त्याच कारणानं कापडावर जाड थर दिला की त्यालाही भेगा पडतात. पातळ हात द्या, किंवा खडूची पूड मिसळा. मी कधी कधी मुद्दाम एक कोपरा जाड ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं भेगांचं जाळं उमटलेलं असतं आणि आतून खालचा गेरू दिसतो. असा आकार मला हातानं कधीच काढता आला नसता.

हत्यारं घरातलीच: घर रंगवायचे दोन आणि चार इंची ब्रश, स्पंज, फरशीचा वायपर, बारदानाचा तुकडा. रावेर-यावलकडच्या मंडळींनी केळीचा पानदेठ आडवा कापून बघावा. आतल्या कप्प्यांची जाळी असते, तिचा ठसा फार सुरेख उमटतो. चीक मात्र कपड्यावर पडू देऊ नका, तो डाग जन्मभर राहतो.

आता उन्हाळा. अ‍ॅक्रिलिक रंग त्यातलं पाणी उडून वाळतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि वारा कोरडा. अशा हवेत पातळ थर बघता बघता वाळतो आणि बाजूला ठेवलेला ब्रश लाकडासारखा होतो. माझे पहिल्या वर्षी सहा ब्रश असेच गेले. त्यावर उपाय साधा आहे. पसरट ताटात ओलं फडकं घाला, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. पाण्याची फवारणीची बाटली हाताशी ठेवा. वापरात नसलेला ब्रश पाण्यात आडवा ठेवा. केसांवर उभा केला तर केस वाकतात. औषधाच्या दुकानातल्या ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब रंगात घातले की तो थोडा जास्त वेळ ओला राहतो, पण जास्त घातलं तर चिकट राहून धूळ ओढतो. आणि खरा उपाय म्हणजे वेळ: उजाडल्यापासून नऊपर्यंत, नाहीतर पाचनंतर. पावसाळ्यात उलट होतं, थर वाळतच नाही, तेव्हा दोन थरांत दुप्पट अंतर ठेवा. लोकांसमोरचा कार्यक्रम माझ्या मते कार्तिक ते माघ या दिवसांतच घ्यावा.

हात आणि श्वास: पहिले तीस दिवस

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक जण इथंच सोडतात. कृपा करून सोडू नका, कारण जातं फिरवणं ते हेच. रोज पाऊण तास द्या, शक्यतो एकाच वेळी, एकाच जागी.

पहिली दहा मिनिटं नुसतं बसा. श्वास सोडताना एक, पुढच्या वेळी दोन, असं दहापर्यंत मोजा आणि पुन्हा एकपासून. मोजणं मधेच सुटेल. सुटलं हे लक्षात आलं की एकपासून सुरू करा, चुकल्याचं दुःख करत बसू नका. ज्यांना नामस्मरणाची सवय आहे त्यांनी तेच करावं. गूढ अनुभव यावा अशी अपेक्षा नको. एवढ्यानं इतकंच साधतं, की डोक्यातली किराण्याची यादी थोडी मागे सरकते.

मग भिंतीवर रद्दी पेपर चिकटवा, मोठा ब्रश नुसत्या पाण्यात किंवा पातळ गेरूत बुडवा आणि आजीच्या सारवणाच्या कमानी काढा. मनगट ताठ, कोपर सैल, हालचाल खांद्यातून. श्वास घेताना हात वर न्यायचा, सोडताना कमान काढायची. वीस कमानी. दुसऱ्या आठवड्यात डाव्या हातानं. डाव्या हाताला हुशारी माहीत नसते, त्यामुळे त्याच्या रेघेत जो थरथरता जिवंतपणा असतो तो उजव्यानं पुढे बघून शिकावा.

त्यानंतर वर्तुळ. जपानमध्ये झेन साधू एका श्वासात, ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात वर्तुळ काढतात, त्याला एन्सो म्हणतात. कधी ते मिटतं, कधी उघडं राहतं, पण दुरुस्त कोणी करत नाही. तुम्ही रोज दहा काढा. पुसायचं नाही, गिरवायचं नाही, फेकायचं तर मुळीच नाही. प्रत्येकाखाली तारीख घाला. तीस दिवसांनी ती तीनशे वर्तुळं अंगणात ओळीनं मांडा. कोणत्या दिवशी तुम्ही घाईत होता आणि कोणत्या दिवशी कोणीतरी बघावं म्हणून काढत होता, हे वर्तुळावरून तुमचं तुम्हालाच ओळखू येईल. मी माझी मांडली तेव्हा सगळ्यात चांगली वर्तुळं आई दवाखान्यात असतानाच्या आठवड्यातली निघाली. त्या दिवसांत चांगलं काढण्याचा विचारच मनात नव्हता.

शेवटची दहा मिनिटं खाडाखोडीला. जुन्या वहीच्या पानावर मनात येईल ते वाक्य लिहा, त्यातले दोन-तीन शब्द खोडा, खोडलेल्या जागा रेघेनं जोडा, आणि पेन न उचलता चालत राहा. आकार दिसायला लागले तरी त्यांना नाव देऊ नका. आठवड्यातून एकदा याऐवजी लिंबाची डहाळी समोर ठेवून कागदाकडे अजिबात न बघता तिची रेघ काढा. डोळा आणि हात यांची गाठ यातून जितकी पक्की होते तितकी दुसऱ्या कशानं होत नाही.

कोऱ्या कापडासमोर

महिन्यानंतर कापड. आधी बसणं, मग उभं राहून कापडाला हातानं स्पर्श करा, त्याचा ताण बघा. पहिली खूण कोणतीही चालते, खरंच कोणतीही. दुसरी मात्र पहिलीला उत्तर असली पाहिजे. पहिली जड पडली असेल तर दुसरी हलकी हवी का, की तिच्याशेजारी तिच्याएवढंच वजन हवं? हे डोक्यानं ठरवायचं नाही, पण बघायचं मात्र नीट. बोलणारा आणि ऐकणारा दोन्ही तुम्हीच आहात, आणि ऐकण्याला जास्त वेळ द्यायचा असतो. पाच-सात मिनिटं रंगवलं की ब्रश पाण्यात ठेवा आणि दहा पावलं मागे जा. चित्राची वरची बाजू खाली करून बघा. पुन्हा या.

तीन खड्डे सगळ्यांना लागतात. पहिला चिखलाचा. गेरू, निळा आणि काळा ओल्यावर ओले पडले की मातकट राख होते. ती दिसायला लागली की थांबून थर वाळू द्या, दुसरा मार्ग नाही. दुसरा चेहऱ्याचा. दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ पडली की मन म्हणतं चेहरा, आणि हात लगेच नाक काढायला धावतो. त्या जागेवर ओला स्पंज फिरवा आणि दुसऱ्या कोपऱ्यात काम सुरू करा. तिसरा खड्डा भरण्याचा. रिकामी जागा दिसली की आपल्याला ती उणीव वाटते. मी कापडाचा एक तुकडा, साधारण दोन तळहातांएवढा, सुरुवातीलाच मनात सोडून देते आणि तिथं शेवटपर्यंत जात नाही.

थांबायचं कधी, हे सगळेच विचारतात. माझी खूण अगदी ठोस आहे. हातात लहान ब्रश आला की चित्र झालेलं असतं. लहान ब्रश आपण सजवायला उचलतो. तो उचलावासा वाटला, की मी दोन्ही हात धुते आणि चहा टाकते.

चारचौघांत जाण्याआधी

लोकांसमोर रंगवणं आपल्या भागाला नवं नाही. दारातली रांगोळी चारचौघांतच पडते. चिमटीतून ठिपके सोडताना कोणी पेन्सिल लावत नाही, आणि संध्याकाळपर्यंत ती पायांखाली जाते म्हणून कोणी रडत नाही. अक्कलकुव्याच्या पलीकडे, गुजरातच्या छोटा उदेपूर आणि मध्य प्रदेशच्या अलीराजपूर भागात राठवा-भिलाला आदिवासींचा पिठोरा असतो, म्हणजे घराच्या भिंतीवर देवासाठी काढलेलं चित्र. घरानं नवस बोललेला असतो. भिंत शेणमातीनं आणि पांढऱ्या मातीनं सारवून घेतात, लखारे, म्हणजे हे चित्र काढणारे, घोडे रंगवतात, गाणं-वाजवणं चालू असतं, गाव जमलेला असतो, आणि शेवटी बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, ते चित्र तपासून पूर्ण झालं की नाही हे सांगतो. तो विधी आहे. त्यातले घोडे उचलून आपल्या कार्यक्रमात शोभेला काढू नयेत असं मला मनापासून वाटतं. भिंतीची निगुतीनं केलेली तयारी आणि जमलेल्या गावाला कामात सामील करून घेण्याची रीत मात्र आपण जरूर शिकावी.

क्रम असा ठेवा. आधी आपलाच ओटा किंवा गल्ली. मग शाळा किंवा वाचनालयाचं आवार. आठवडे बाजार आणि यात्रा सगळ्यात शेवटी. सारंगखेड्याची दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा किंवा अमळनेरला बोरीच्या पात्रातली सखाराम महाराजांची यात्रा, अशा गर्दीत पहिल्या वर्षी फक्त वही घेऊन जा आणि बसून रेघा काढा. गर्दीचा आवाज कानाला सवयीचा झाला पाहिजे.

परवानगी तोंडी नको. भिंत असेल तर मालकाचं लेखी पत्र घ्या. सार्वजनिक जागेला ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे अर्ज करा, गर्दी जमणार असेल तर पोलीस ठाण्यालाही कळवा. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे, आणि परवानगीशिवाय रंगवलेली सुंदर भिंतही त्याच्या कक्षेत येऊ शकते. अर्जाची पोच खिशात ठेवा.

भिंत नीट तपासा. चुन्याचे पोपडे तारेच्या ब्रशनं काढून मगच प्रायमर द्या. खालच्या दोन फुटांत लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा क्षार, फुटला असेल तर तिथं रंगवूच नका, वर्षात गळून पडेल. आणि मातीच्या भिंतीवर प्लॅस्टिक रंग कधीही लावू नका. माती श्वास घेते. रंगाच्या आवरणानं आतली ओल अडकते आणि माती घेऊनच थर सुटतो. तिथं शेणमाती, चुना आणि गेरू एवढंच शोभतं आणि टिकतं.

कापडावर करणार असाल तर वाऱ्याचा विचार करा. नदीकाठी चार बाय सहाचं कापड शिडासारखं फुगतं. चौकट मागून दोरीनं खांबाला बांधा आणि पायांवर रेतीची पोती ठेवा. कापड सावलीत हवं. पांढऱ्यावर ऊन पडलं की डोळे दिपतात आणि रंग खरे दिसत नाहीत. घरी तेवढ्याच मापाचं कापड तीन वेळा घड्याळ लावून रंगवा. चित्र पाठ करायचं नाही, वेळ पाठ करायचा. दीड तास पुरेसा आहे. त्याहून जास्त वेळ लोक उभे राहत नाहीत आणि आपलंही लक्ष टिकत नाही.

त्या दिवशी

दोन तास आधी पोहोचा. रंग कालवून, झाकून ठेवा. कापडापासून पाच-सहा फुटांवर चुन्याची रेघ ओढा. लहान मुलांना रेघेच्या पुढच्या काठाला खाली बसवा, मोठी माणसं आपोआप त्यांच्या मागे उभी राहतात. मुलांसाठी बाजूला वेगळं कापड आणि दोन वाट्या रंग ठेवाच. त्यांचे हात सळसळत असतात, आणि सोय नसेल तर ते तुमच्या कापडाला लागतील. त्यात मुलांची काही चूक नाही.

एक सोबती हवाच. माझ्याबरोबर शाळेतली एक मैत्रीण येते. लोकांशी ती बोलते, मोबाईलवाल्यांना थोडं मागे घेते, माझं पाणी बदलते. त्यामुळे मी पाठ फिरवून उभी राहू शकते. वाजवणारे असतील तर आधी बसून ठरवा: पहिली दहा मिनिटं शांतता, मग संथ सुरुवात. ढोलाच्या ठेक्यावर ब्रश नाचवायचा मोह होतो. लोकांना तो आवडतो, पण मग चित्रातल्या सगळ्या रेघा एकाच वजनाच्या पडतात. तुमचा ठेका श्वासाचा, तो घरून घेऊन आलेला असतो.

रंगांचाही अर्थ काढला जातो. भगवा, हिरवा, निळा यांतला एकच रंग मोठ्या कापडावर पसरला की कोणीतरी त्यात झेंडा बघतो. निवडणुकीच्या दिवसांत तर नक्कीच. लोकांसमोर निळा सोडून गेरू, पांढरा आणि मातीचा काळा यांवर मी ठाम आहे ते काही अंशी यामुळेही. जमिनीवर रंगवणार असाल तर देवाचा आकार येऊ देऊ नका, लोकांचे पाय लागतील.

आता जे मला सगळ्यात महाग पडलं ते सांगते. कित्येक वर्षांपूर्वी एका यात्रेत मी पहिल्यांदा असं रंगवत होते. अर्धा तास छान गेला. गेरूचा एक मोठा झोत वरून खाली आला होता आणि त्याच्या उजवीकडे मोकळी जागा श्वास घेत होती. मागून एका आजोबांनी विचारलं, "हाई काय शे ताई?" मला उत्तर देता आलं नाही. मागे कुजबुज सुरू झाली आणि मी घाबरले. त्या झोताला मी दोन शिंगं काढली, मग डोळा, मग वशिंड. बैल झाला. टाळ्या पडल्या. आजोबाही खूश झाले. घरी येऊन कापड उघडलं तेव्हा रडू आलं, कारण त्या मोकळ्या जागेत मी शेपटी काढली होती. आजोबांचा प्रश्न साधा आणि खरा होता. खोटं उत्तर मी दिलं होतं.

आता तोच प्रश्न आला की मी ब्रश खाली घेते, वळून बघते आणि खरं ते सांगते: "बाबा, अजून मलाही कळलेलं नाही. बसा थोडं, दोघं मिळून बघू." बहुतेक माणसं बसतात. मग त्यांना दिसायला लागतं. कोणाला तापीचा पूर दिसतो, कोणाला पेटलेलं गवताचं रान, एका बाईंना त्यांच्या चुलीमागची भिंत दिसली होती. ऐकून घ्या, मान डोलवा, पण चित्रात ते काढायला जाऊ नका.

शेवटची पंधरा मिनिटं फार जपा. लोक निघायला लागतात आणि काहीतरी मोठं करून दाखवावं असं वाटतं. दहा पावलं मागे या, रेघेपाशी, लोकांमध्ये उभ्या राहा आणि त्यांच्याबरोबर बघा. काही लागत नसेल तर ब्रश धुवा. काम संपल्याचं लोकांना तेवढ्यावरून कळतं.

आवरताना

ब्रश धुतलेलं पाणी नदीत, नाल्यात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच. बादलीत सगळं पाणी जमा करा, तुरटीची पूड टाकून ढवळा आणि रात्रभर ठेवा. रंग तळाशी बसतो. वरचं नितळ झालेलं पाणी मोरीत सोडा, खालचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात द्या. चुन्याची रेघ झाडून घ्या, दोऱ्या सोडा, रेती जिथली तिथं ओता. जागा जशी मिळाली तशी परत दिली की पुढच्या वर्षी अर्ज करताना अडचण येत नाही.

कापड पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर थर दाबला जातो आणि त्याला सुरकुत्या पडतात. मधे जाड पुठ्ठ्याची नळी घाला. घरी गेल्यावर आठ दिवस ते उघडू नका. त्या दिवशीचे आवाज त्यातून उतरले पाहिजेत. नवव्या दिवशी सकाळी भिंतीवर लावा, समोर बसा आणि दहापर्यंत श्वास मोजा. मुलांनी रंगवलेलं कापड मात्र त्याच दिवशी शाळेत पोहोचतं करा, ते वाट बघत असतात.